तीन रात्री पाण्यावर: चाळीसगावच्या मेडिकलवाल्याचा हिशेब

गेल्या जानेवारीत मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ करून आलो. मी, सौ., आमची आई (वय ७४) आणि धुळ्याचे साडूभाऊ सहकुटुंब. चाळीसगावात माझं मेडिकल आहे. परत आल्यापासून गिऱ्हाईक गोळ्या कमी मागतंय आणि जहाजाबद्दलच जास्त विचारतंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, एजंटचंही नाही. एजंटचं तर मनातसुद्धा घेत नाही.

आईला तयार करायलाच महिना गेला. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आमच्या दुकानाचा खालचा माल भिजला होता. ते तिच्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही. म्हणाली, "पानी आपला दुकानमा बी शिरनं व्हतं, आते माले पानीवर झोपाडशी का?" नातवंडांनी मोबाईलवर जहाजाचे फोटो दाखवले तेव्हा जरा मऊ पडली. फोटोत देऊळ नाही, ही तक्रार तरी राहिलीच.

आधी बुकिंग, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. एजंट म्हणाला, "केबिन मधली देतो, काळजी नको." मिळाली पार पुढच्या टोकाची. जहाज वरखाली डुलतं ते सर्वात जास्त दोन्ही टोकांना जाणवतं, आणि सर्वात कमी मध्यावर, खालच्या मजल्यांवर. आणखी एक, पुढच्या टोकाला बंदरात शिरताना यंत्रांची अशी घरघर होते की पहाटे पाचला पिठाच्या गिरणीत झोपल्यासारखं वाटतं. म्हणून पैसे भरण्याआधी डेकचा नकाशा मागा, त्यावर केबिनचा नंबर शोधा, आणि तिच्या डोक्यावर काय आहे तेही बघा. वर नाचगाण्याचा हॉल असला तर रात्री दोनपर्यंत धाडधाड. साडूभाऊंची केबिन मध्यावर होती, ते तीनही दिवस घोरले.

बाल्कनीची केबिन घेणार असाल तर साधा भूगोल लक्षात ठेवा. मुंबईहून गोव्याला जाताना तोंड दक्षिणेला, म्हणजे किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. येताना उलटं. आम्ही बिनखिडकीची घेतली होती. त्यात दिवस-रात्र कळत नाही, दिवा मालवला की आपला हात आपल्याला दिसत नाही. झोपायला झकास. आईला मात्र 'तळघरमा ठेवं' वाटलं, म्हणून बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवलं.

रात्रीच्या गाडीने निघून पहाटे सीएसएमटीला उतरलो. तिथून बॅलार्ड पियरचं टर्मिनल टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे, पण आमची चढायची वेळ दुपारी साडेबाराची. मधले सहा तास आईला घेऊन कुठे बसायचं, हा प्रश्न घरून निघण्याआधी सोडवा. आम्ही स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आंघोळी उरकल्या, सामान क्लोक रूममध्ये टाकलं आणि फोर्टात चहा-नाश्ता केला. दिलेल्या वेळेच्या फार आधी टर्मिनलवर जाऊन काही मिळत नाही, उभं राहून पाय तेवढे दुखतात. ऑनलाइन चेक-इन घरीच करून बोर्डिंग पास आणि बॅगांचे टॅग छापून न्या. आमच्या फेरीला आधार कार्ड चाललं. मूळ कार्डच हवं, झेरॉक्स नको. परदेशी बंदराला जाणारी फेरी असेल तर पासपोर्ट लागतो.

मोठ्या बॅगा दारातच ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळी केबिनच्या दाराशी येतात. मधले चार-पाच तास तुमच्याजवळ फक्त हातातली पिशवी. आईच्या बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी हातातच ठेवली होती. आमच्या रांगेत नाशिकचे एक काका होते, त्यांचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत गेलं. त्यांची पळापळ बघवत नव्हती.

आता भाकरीची गोष्ट. बाहेरचं घरगुती खाणं जहाजावर चालत नाही, हे मी आईला तीनदा सांगितलं होतं. स्कॅनिंगच्या मशीनवर आमची पिशवी थांबली. आतून निघाल्या फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या बारा भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा. सुरक्षेच्या पोरीने डबा उघडला, वास घेतला, आणि दोन पावलं मागे सरून शिंकली. "आजी, हे आत नाही जाणार." आईने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मंग आठेच खाई ल्या." टर्मिनलच्या त्या गुळगुळीत खुर्च्यांवर आम्ही सात जणांनी बारा भाकरी संपवल्या. समोरून ट्रॉलीबॅगा ओढत गॉगलवाली मंडळी चालली होती. सौ.ने पदराआड तोंड लपवलं, पण दोन भाकरी तिनेही खाल्ल्या. रिकामा डबा आत नेऊ दिला, त्यात मी पुढे बडीशेप ठेवली.

इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, दारूची बाटली हेही तिथेच काढून घेतात. पाण्यावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे याबाबत हुज्जत घालू नका. न्यायच्याच असतील तर लोहचुंबकाच्या हुका न्या. केबिनच्या भिंती पोलादी असतात, हुका पटापट चिकटतात आणि ओल्या टॉवेलची सोय होते. एक प्लॅस्टिकचा मगही न्या, का ते सांगायला नको. संडास हवेने ओढणारा असतो. बटण दाबल्यावर असा आवाज करतो की पहिल्यांदा आई बाहेरच आली. त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, एकाने तुंबवला की बोळातल्या सगळ्यांचे हाल. बाथरूमचा उंबरा वीतभर उंच, म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

चढल्यावर पहिलं काम म्हणजे सुरक्षेची कवायत. कंटाळा करू नका. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपल्या कार्डावर छापलेल्या जागी जमायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी ती घ्यावीच लागते. आमच्या वेळी निम्मे लोक सेल्फी काढत होते. आईने मात्र लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा बांधून बघितला, आणि केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालूनही आली.

आता माझ्या धंद्यातलं. बोट लागण्याची भीती किती बाळगायची? माझं माप सोपं आहे: ज्याला कन्नडच्या घाटात गाडी लागते, त्याने गोळी बरोबर ठेवावी. ज्याला त्याच घाटात मागच्या सीटवर बसून भजी खाता येतात, त्याने उगाच घेऊ नये. आमच्या सौ.ला घाटाच्या दुसऱ्या वळणावर पिशवी लागते. तिला ॲव्होमिन दिली, तीही जहाज निघायच्या तासभर आधी. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बऱ्याचदा तशीच परत येते. या गोळीने झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आईला मी दिली नाही. तिला आल्याचे तुकडे दिले आणि मधल्या डेकवर उघड्या हवेत नेऊन क्षितिजाकडे बघत बसवलं. दुसऱ्या रात्री वारा वाढला, ग्लासातलं पाणी तिरकं होऊ लागलं, साडूभाऊंची पोरगी पिवळी पडली. आई कोरडी बिस्किटं खात शांत बसलेली. बैलगाडीत वाढलेलं शरीर, दुसरं काय. रिकाम्या पोटी राहू नका आणि गच्चही जेवू नका. मोबाईलमध्ये डोकं घालून बसाल तर हमखास लागेल.

हात साबणाने धुवा. बुफेच्या दारात जेलची बाटली असते, पण जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस जेलला नीट दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी हाच इलाज.

जेवणाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, फार तक्रारही नाही. सकाळचं उत्तम: डोसे, पोहे, अंडी, फळं. जैन जेवणाचा वेगळा काउंटर होता. पण दुपारी पनीर, रात्री पनीर, दुसऱ्या दिवशी नाव बदलून तेच पनीर. शेवभाजीच्या मुलखातल्या माणसाला तिसऱ्या दिवशी जीभ असून नसल्यासारखी वाटते. आईने वाढणाऱ्या पोराला खुणेने हिरवी मिरची मागितली. तो सिंधुदुर्गातला निघाला. तो मालवणीत बोलायचा, ही अहिराणीत. दोघांना एकमेकांचं अर्धंही कळत नसावं, पण तिसऱ्या दिवशी बशीत चार मिरच्या आणि मीठ न सांगता यायचं. या एका पोरासाठी मी सेवेला दहापैकी नऊ देईन. बुफेला दार उघडल्याबरोबर जाऊ नका, पहिल्या पंगतीची झुंबड असते. अर्ध्या तासाने गेलात तर खिडकीजवळचं टेबल मिळतं.

पोहण्याच्या तलावाजवळच्या खुर्च्यांवर सकाळी सातलाच टॉवेल पडलेले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसांना राग कसा येणार? आम्ही उलट मागच्या बाजूचा वरचा डेक शोधला, तिथे कुणी फिरकत नव्हतं. कार्यक्रम, जादूगार, कॅसिनो यांवर लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. एकदा डोकावलो, आवाज मोठा होता. शाल न्या, आतला एसी जळगावच्या मे महिन्याचा सूड उगवल्यासारखा चालू असतो.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी गेल्यावर कळतं. वायफाय महाग वाटलं, घेतलं नाही. मग माणसं हरवतात. आम्ही पाटणादेवीच्या यात्रेतला उपाय केला. चुकामूक झाली तर रिसेप्शनसमोरच्या मोठ्या जिन्याखाली थांबायचं. कप्तानाने माइकवर १६ नॉट वेग सांगितला. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे ताशी ३० च्या आतबाहेर. साडूभाऊ म्हणाले, "एवढ्या वेगाने आमची धुळ्याची रिक्षा पळते."

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागलं. जहाजाची सहल महाग होती, म्हणून टॅक्सी करून जवळच्या बोगमाळो किनाऱ्यावर गेलो. पणजी-म्हापशाच्या नादी लागलो नाही. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. परतीची वेळ सुटण्याच्या वेळेआधी असते, ती कार्डाच्या मागे लिहून ठेवा.

पैशाचं शेवटी लिहितो, कारण तिथेही तेच झालं. तिकीट तिघांचं ७२,००० रुपये. एजंट म्हणाला होता, "सगळं धरून." त्या 'सगळ्यात' बाटलीचं पाणी नव्हतं, बाहेरच्या कॅफेतली कॉफी नव्हती. जहाजावर रोख चालत नाही. एकच कार्ड दाराची किल्लीही असतं आणि पाकीटही, त्यामुळे खर्च होताना दुखत नाही. साडूभाऊंच्या धाकट्याने खेळांच्या खोलीत बापाचं कार्ड १,८०० रुपयांपर्यंत घासलं, बापाला पत्ताच नाही. चढताना फोटोवाले पकडून हसवतात, मग तोच फोटो भिंतीवर विकायला लावतात. बिल रोज रात्री रिसेप्शनवर बघा. आमच्या बिलात दुसऱ्याच कुणाच्या दोन कॉफ्या होत्या. आदल्या रात्री सांगितलं म्हणून पाच मिनिटांत निघाल्या. शेवटच्या सकाळी त्याच काउंटरला साठ-सत्तर माणसांची रांग होती. पाणी आम्ही बुफेच्या मशीनवर भरून घ्यायचो, समुद्राचंच गोड केलेलं. आईला ते कळू दिलं नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. साडूभाऊंनी शिस्तीत सगळं भरलं, बूटसुद्धा. सकाळी केबिनमधल्या पातळ सपाता घालून मुंबईच्या धक्क्यावर उतरले. तेव्हापासून धुळ्यात त्यांना 'कप्तान' म्हणतात.

परत जाईन का? मध्यावरची केबिन मिळाली तर जाईन, आणि एजंटविना. दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, त्यावर औषध लागत नाही, आपोआप जातं. आमच्याकडे ते वेगळ्याच रूपात दिसलं. तिसऱ्या दिवशी आई दुकानात चहा घेऊन आली. आमच्या दुकानाला उंबराच नाही. तरी तिने दारात थांबून, चौकटीला हात धरून, पाय वीतभर उचलून आत टाकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हासू नको. चहा ल्ये."