छोट्या रीफ टाकीसाठी कोळंबी: क्लीनर, फायर, पेपरमिंट, सेक्सी की पिस्टल?

चाळीस ते ऐंशी लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, मासे मावतात दोन, फार तर तीन. तेवढ्याने टाकी भरल्यासारखी वाटत नाही आणि मग नजर कोळंब्यांकडे जाते. विकत घेताना सगळ्याच देखण्या दिसतात. पण छोट्या टाकीत पळून जायला दुसरा कोपरा नसतो आणि चूक झाली तर ती पातळ करायला पाणीही नसतं. म्हणून रंगाचा विचार मी सगळ्यात शेवटी करते. आधी पाहते ती काय खाते, कुणाशी भांडते आणि दिवसा दिसते का. या तीन गोष्टी लावून पाहिल्या, की निम्मी यादी आपोआप गळते.

क्लीनर की फायर

बहुतेकांचं मन या दोघींमध्ये अडकतं. दोघी लिस्माटा प्रजातीतल्या, दोघी पाच-सहा सेंटिमीटरच्या, दोघी स्वभावाने गरीब. तरी टाकीत आल्यावर त्यांचं वागणं इतकं वेगळं, की एकीच्या ऐवजी दुसरी घेणारा हमखास हिरमुसतो.

स्कंक क्लीनर, म्हणजे लिस्माटा ॲम्बॉयनेन्सिस. पाठ लाल, त्यावर मधोमध चुन्याचं बोट ओढल्यासारखी पांढरी रेघ, बाजूला पिवळसर अंग आणि लांबलचक पांढऱ्या मिशा. पहिल्या एक-दोन दिवसांत ती एखादी कपार किंवा दगडाचा पुढे आलेला कंगोरा निवडते आणि तिथेच ठाण मांडते. मिशा हलवत उभी राहते, जवळून मासा गेला की त्याच्या अंगावर चढून मेलेली त्वचा आणि चिकटलेले जीव टिपते. टाकीत हात घातला तर नखांच्या कडासुद्धा कोरून काढते. लहान मुलांना टाकीशी जोडायचं असेल तर याहून चांगला जीव नाही.

मात्र तिला औषध समजून घेऊ नये. माशांना होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली रुतून बसतो. तिथे कोळंबीच्या चिमट्याची मात्रा चालेल असं धरून बसलात, तर मासे हातचे जातील. उलट त्या रोगावर वापरतात ते तांबेयुक्त औषध टाकीत पडलं, तर पहिला बळी कोळंबीचाच जातो. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनच त्यावर उपचार करायचे.

तिची दुसरी खोड म्हणजे चोरी. मांसल कोरलच्या तोंडाशी तुम्ही खाऊ ठेवलात, की ती येते, तोंडात हात घालून घास ओढते आणि चालू पडते. एवढ्याने कोरल मरत नाही, पण उपाशी राहतं आणि आतला नाजूक भागही ओरबाडला जातो. मी आधी कोळंबीला तिचा वाटा देते, मग कोरलवर प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग झाकणासारखा पंधरा-वीस मिनिटं पालथा घालते. त्रास थोडा आहे, पण उपयोग होतो.

किती घ्याव्यात? एक किंवा दोन. नर-मादी शोधत बसायची गरज नाही. ही जात आधी नर म्हणून वाढते आणि पुढे एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होते, त्यामुळे कोणत्याही दोघींची जोडी जमते. पोटाखाली हिरवट अंड्यांचा घोस दिसतो, पिल्लं बाहेर पडतात आणि ती बहुतेक कोरलच्या आणि माशांच्या पोटात जातात. तीन मात्र घेऊ नयेत. दोनपेक्षा जास्त जणी एकत्र ठेवल्या, तर कात टाकून मऊ पडलेलीवर बाकीच्या तुटून पडतात आणि शेवटी जोडीच उरते, असं संशोधकांनी टाक्यांमध्ये पाहिलं आहे. मोठ्या टाकीत निभावून जाईल कदाचित. साठ लिटरमध्ये पळणार कुठे?

आता फायर, म्हणजे लिस्माटा डेबेलियस. रंग असा की बघतच राहावं: गर्द रक्तासारखं लाल अंग, त्यावर मोजके पांढरे ठिपके, पाय खालून पांढरे, मोजे घातल्यासारखे. पण ती अंधाऱ्या कपारीतली आहे. कोरलसाठी लावलेला झगझगीत दिवा तिला सहन होत नाही. दिवसभर दगडाच्या पोटात बसून राहते, खाऊचा वास आला की दोन मिशा बाहेर येतात, घास घेऊन पुन्हा आत. हौसेने आणलेली फायर आठवडाभर दिसलीच नाही म्हणून सगळे दगड उपसणारे लोक मी पाहिले आहेत. दगड उपसू नका, ती तिथेच असते.

माझा कौल असा: टाकी दिवसा, दिव्यात बघत असाल तर क्लीनर. रात्री उशिरा मंद निळ्या उजेडात टाकीसमोर बसायची सवय असेल आणि रचनेत एखादी समोरून दिसणारी गुहा असेल तर फायर. फायर घ्यायची ठरलीच, तर ती गुहा आधी रचा. ती आपली जागा सहसा बदलत नाही, त्यामुळे तिला समोरची जागा मिळाली तर निदान ती तिथे बसलेली दिसेल.

पेपरमिंट: कामासाठी आणायची कोळंबी

पेपरमिंट शोभेसाठी कुणी आणत नाही. आयप्टेशिया नावाचं तपकिरी, डंख मारणारं उपरं ॲनेमोन (समुद्रफूल) टाकीत पसरलं की तिची आठवण होते. अर्धपारदर्शक अंग, त्यावर लाल बारीक रेघा. मूळची पश्चिम अटलांटिकची. लिस्माटा वुर्डेमनी या नावाखाली मिळते, पण त्या नावाखाली दिसायला जवळजवळ सारख्या अशा दोन-तीन जाती विकल्या जातात. एकाची पेपरमिंट आयप्टेशिया फस्त करते आणि दुसऱ्याची ढुंकूनही बघत नाही, याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण आपल्या हातात आहे: पोट भरलेली पेपरमिंट डंख खायला जात नाही. आणली की काही दिवस खाऊ हात राखून घाला. काम रात्री चालतं. बारीक आयप्टेशिया आधी जातात, जुने मोठे तसेच राहतात, ते तुम्हालाच मारावे लागतात. आयप्टेशिया खाणारी बर्घिया गोगलगाय सोडायचा विचार असेल तर पेपरमिंट आणू नका, ती बर्घियालाच खाते.

खरी फसगत होते ती कॅमल श्रिम्पमुळे. रिंकोसिनेटिस प्रजातीतली ही कोळंबी पेपरमिंट म्हणून सहज खपवली जाते, आणि ती मऊ कोरलचे आणि झोअँथिडचे (कोरलच्याच नात्यातल्या, वसाहतीने वाढणाऱ्या जीवांचे) पॉलिप, म्हणजे वसाहतीतले फुलासारखे एकेक जीव, खाते. फरक ओळखणं अवघड नाही. कॅमलच्या अंगावर लाल रेघांच्या जोडीला ठळक पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात, पाठीला उंटासारखा कुबड, डोळे मोठे. पेपरमिंटच्या अंगावर ठळक पांढरं काही नसतं. काचेपाशी उभं राहून एवढं बघायला मिनिटही लागत नाही. ते न बघितल्यामुळे झोअँथिडची अख्खी वसाहत जाऊ शकते.

खरी पेपरमिंटसुद्धा अगदी साधू नाही. आयप्टेशिया संपले आणि उपासमार झाली, की मांसल कोरलला चिमटे काढते. म्हणून आयप्टेशियाचा त्रास नसेल तर छोट्या टाकीतली मोलाची जागा मी तिला देणार नाही.

सेक्सी श्रिम्प: लहान टाकीची हक्काची

थोर ॲम्बॉयनेन्सिस. क्लीनरच्या आणि हिच्याही शास्त्रीय नावात इंडोनेशियातलं अंबोन बेट आहे. वाढून वाढून दीड-दोन सेंटिमीटर. तपकिरी-नारिंगी अंगावर निळसर कडांचे पांढरे डाग, आणि शेपूट पाठीवर उचलून सतत डुलत राहण्याची सवय, त्यावरूनच नाव पडलं. मोठ्या टाकीत ही हरवून जाते. वीस-तीस लिटरच्या टाकीत मात्र तिच्याएवढं मन रमवणारं काही नाही.

बाकीच्यांच्या उलट, ही एकटी आणू नये. तीन ते पाच जणींचा घोळका एखाद्या ॲनेमोनवर, मशरूम कोरलवर किंवा लांब पॉलिपच्या कोरलवर जागा धरतो आणि दिवसाढवळ्या उघड्यावर राहतो. ॲनेमोन हवंच असं नाही, आणि फक्त हिच्यासाठी छोट्या टाकीत ॲनेमोन आणूही नये. फिरतं ॲनेमोन वाटेतल्या कोरलला भाजत जातं.

जपायचं ते दोन गोष्टींत. एक, पंप आणि फिल्टरच्या तोंडावर बारीक स्पंज किंवा जाळी हवी. दोन, शेजारी कोण आहे ते बघा. सिक्सलाइन रॅस, डॉटीबॅक, हॉकफिश या माशांच्या टाकीत सेक्सी श्रिम्प सोडणं म्हणजे त्यांना घास भरवणं. हॉकफिश तर क्लीनरवरही झेप घेतो. शांत गोबी मासा आणि क्लाउन माशांच्या लहान जोडीबरोबर त्या सहसा टिकतात. क्वचित झोअँथिड कुरतडतात असं दिसतं, पण बारीक खाऊ रोज मिळाला की ते बहुधा थांबतं. तोंड लहान आहे, तेव्हा खाऊ चुरूनच घालावा.

तीस-चाळीस लिटरमध्ये मासा न ठेवता नुसती कोरल आणि पाच सेक्सी श्रिम्प, ही रचना मला फार आवडते. मासे नसले की पाण्यावर घाणीचा भारही कमी.

पिस्टल आणि गोबी: दोघांची मिळून एक जागा

कोळंबी आणि मासा अशा दोन जागा वेगवेगळ्या भरण्याऐवजी एकच जोडी आणायची असेल, तर अल्फिअस रँडली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पिस्टल, आणि तिच्या जोडीला स्टोनोगोबिऑप्स गटातला लहान गोबी. पिस्टलची नजर अधू. ती वाळू उपसून बीळ खणते, आणि गोबी दारात उभा राहून पहारा करतो. बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. त्याने शेपूट थरथरवली की ती सरकन आत. दोघांची ही भाषा काचेबाहेरून बघता येते, आणि ती बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

चटका बसल्यासारखा टक् आवाज येतो तो तिच्या मोठ्या नांगीचा. नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटल्याचा तो आवाज. २००० साली अतिवेगवान चित्रणातून हे सिद्ध झालं. त्याआधी नांगीच्या दोन बाजू आपटल्याचा आवाज असेल असा समज होता. लहान जातीच्या पिस्टलने काच फुटेल ही भीती मात्र मनातून काढून टाका.

त्यासाठी टाकी मांडतानाच तयारी लागते. वाळू किमान पाच सेंटिमीटर, तीत कोरलचे तुकडे आणि शिंपल्यांचे कपचे मिसळलेले, नाहीतर बोगदा ढासळतो. दगड वाळूवर ठेवू नयेत, थेट तळावर घट्ट बसवून भोवती वाळू घालावी. वाळूवरचा दगड पिस्टलने खालून पोखरला तर तो तिच्यावर किंवा काचेवर कोसळतो. आधीच भरलेल्या, तळाशी वाळू नसलेल्या टाकीत हा बेत सोडून द्यावा. वाळूवर ठेवलेली कोरलची रोपं ती उचलून बिळाला लावते, तेव्हा तीही वर चिकटवावीत. आणि बिळाजवळ फिरकणाऱ्या सेक्सी श्रिम्पला तिच्यापासून धोका आहे. या दोघी एकत्र नकोत. क्लीनरशी मात्र तिचं बहुधा जमतं, कारण एक वर राहते आणि एक खाली.

दोन देखण्या, ज्यांना मी नाही म्हणेन

बॉक्सर, स्टेनोपस हिस्पिडस. लाल-पांढरे पट्टे, लांब नांग्या. एकटी असेल आणि टाकी मोठी असेल तर ठीक. छोट्या टाकीत ती इतर कोळंब्यांना मारते आणि रात्री झोपलेल्या लहान माशालाही पकडते. जोडी जमलेली असेल तर जोडीदाराला सांभाळते, अनोळखीला फाडते. हौस तिचीच असेल तर ती एकच कोळंबी, असा हिशेब धरा.

हार्लेक्विन, हायमेनोसेरा. पांढऱ्या अंगावर मोठे रंगीत ठिपके, पाकळ्यांसारख्या चपट्या नांग्या. रूपात तिला तोड नाही. पण ती तारामाशाशिवाय काही खात नाही. टाकीत वाढलेले बारीक ॲस्टेरिना तारामासे संपवायला लोक तिला आणतात, ते लहान टाकीत काही आठवड्यांत संपतात, आणि मग तिला आयुष्यभर तारामासे पुरवावे लागतात. तो पुरवठा कायमचा बांधलेला नसेल तर तिची उपासमार ठरलेली. मरायला हळूहळू लागते, म्हणून लक्षात येत नाही. कृपा करून आणू नका. ॲस्टेरिना हाताने वेचता येतात.

आणल्यावर

जात कुठलीही असो, कोळंबीला क्षारतेतला अचानक बदल माशापेक्षा जास्त झोंबतो. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी दोन्ही मोजा. टाकीतल्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश. बारीक नळीला गाठ मारून थेंब-थेंब पाणी सोडत तासभर तरी द्या, फरक मोठा असेल तर दोन तास. मग कोळंबी पेल्यात घेऊन टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. जाळी वापरू नका, पाय आणि मिशा अडकून तुटतात. छोट्या टाकीत रोजच्या बाष्पीभवनानेही क्षारता चढते, म्हणून गोड्या पाण्याची भर रोज घालावी किंवा ते काम आपोआप करणारं साधन लावावं. भरीचं पाणी आरओचं हवं. नळाच्या पाण्यात पाइपातून तांबं उतरलेलं असू शकतं.

काही आठवड्यांनी सकाळी तळाशी कोळंबी आडवी पडलेली दिसेल, निर्जीव, पांढुरकी. ती बहुधा कात असते. तिची मालकीण मऊ अंगाने कुठेतरी दडून बसलेली असते. दोन दिवस दगड हलवू नका आणि कात तशीच राहू द्या. टाकीतलेच जीव ती संपवतात.