गुलाबी भोवरा घातलेला साधा शोयु रामेन आणि कपाटातले नारुतोचे भाग

टोकियोत फिरायला येणाऱ्या 'नारुतो' या जपानी कॉमिकच्या सगळ्या चाहत्यांना आधीच सांगतो, चकाचक दुकानात जाऊन तोनकोत्सु रामेन (डुकराच्या हाडांच्या सूपमधल्या शेवया) मागवू नका, त्यात नारुतो याच नावाचा तो गुलाबी भोवऱ्याचा तुकडा बहुतेक वेळा मिळतच नाही. तो हवा असेल तर जुन्या वळणाचं शोयु म्हणजे सोया सॉसवाल्या रामेनचं दुकान शोधायचं. आमच्या स्टेशनमागच्या गल्लीत असं एक आहे, म्हातारे काका-काकू चालवतात, काउंटरला आठ खुर्च्या, दारातच जेवणाच्या तिकिटाचं मशीन, साधा बाऊल ८५० येन.

सूप कोंबडीच्या हाडांचं, रंगाने तपकिरी पण इतकं नितळ की खालच्या शेवया दिसतात. वर चाशूचे दोन काप (डुकराचं मांस, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा), नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) एक चौकोन, कांद्याची पात, मेनमा आणि मधोमध एकच नारुतो. मला विचाराल तर सगळ्यात भारी मेनमा. बांबूचे कोंब आंबवून वाळवतात, मग भिजवून सोया सॉसमध्ये शिजवतात, इथला मेनमा अजून थोडा करकरीत राहतो आणि काकू हात आखडता घेत नाहीत. अंडं वेगळं घ्यावं लागतं, १०० येन, कधी बलक मस्त ओलसर असतो तर कधी पार घट्ट, त्यामुळे अंड्याला माझे मार्क कमी.

आता नारुतो. चवीला तसं फार काही नसतं, किंचित गोडसर, थोडं रबरी, पण त्याच्याशिवाय तो बाऊल बाऊल वाटत नाही. माशाचा लगदा करून त्यात गुलाबी थर गुंडाळतात आणि वाफवतात, कडा दातेरी असतात, आणि नाव आलंय नारुतोच्या सामुद्रधुनीतल्या भोवऱ्यांवरून, शिकोकु आणि आवाजी बेटाच्या मधे आहे ती. माशाच्या या लगद्याला सुरिमी म्हणतात आणि आपल्या रत्नागिरीत गद्रे मरीनवाले हीच सुरिमी बनवून जपानलाही पाठवतात, हे कळल्यापासून तो तुकडा मी जरा जास्तच प्रेमाने खातो.

आणि खरं सांगायचं तर मी तिथे जातो कपाटासाठी. जपानमधल्या अशा बऱ्याच दुकानांत गिऱ्हाइकांसाठी कॉमिक्स ठेवलेली असतात, इथे किशिमोतो मासाशींचे नारुतोचे ७२ च्या ७२ भाग आहेत, पानं पिवळी पडलेली, कोपऱ्यांवर सूपचे डाग. शाळेत असताना मित्राच्या दादाकडून इंग्रजी भाग मागून आणायचो, एक भाग चार जणांत फिरायचा आणि पुढचा मिळेपर्यंत जीव नुसता टांगणीला. पहिल्याच प्रकरणात इरुका सर गोष्टीतल्या नारुतोला रामेन खायला घेऊन जातात, ज्याच्याशी गावात कोणी धड बोलत नाही त्या पोराला, तेव्हा रामेन म्हणजे काय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं पण ते पान आम्ही परत परत बघायचो. आता तेच पान जपानीत वाचतो, मुलांचं कॉमिक असल्याने प्रत्येक कांजीशेजारी (जपानीतल्या चिनी चित्राक्षराशेजारी) बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो त्यामुळे माझ्यासारख्यालाही जमतं, एका हातात चॉपस्टिक्स, दुसऱ्या हाताने पान धरायचं, अजूनही गळा दाटून येतो.

गोष्ट १९९९ ला सुरू झाली आणि २०१४ ला संपली, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर ऑफिसचा सूट घातलेला माझ्याच वयाचा कोणीतरी तेच भाग काढून बसलेला असतो. बोलणं होत नाही. तो २७ वा भाग परत ठेवतो, मी उचलतो.

दुपारी बारा ते एक टाळा, बाहेर रांग असते आणि लोक ताटकळत असताना खाऊन झाल्यावर वाचत बसणं बरं दिसत नाही. अडीचनंतर जा, काकू स्वतःहून पाण्याचा ग्लास भरून देतात आणि कोणी उठवत नाही. शाकाहारींसाठी मात्र इथे काहीच नाही, सूपच कोंबडीचं आहे.