जिवाणूंच्या जीनोम सीक्वेन्सिंगची सेवा: डेटा चोख, अहवाल उथळ

नागपुरातील वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागातील डिझेल मुरलेल्या मातीतून आमच्या प्रयोगशाळेने नॅफ्थलीन या डिझेलमधील प्रदूषकावर वाढणारा, स्युडोमोनास गटातील एक जिवाणू वेगळा केला आणि त्याच्या संपूर्ण जीनोमचे सीक्वेन्सिंग (डीएनएमधील बेसचा, म्हणजे अक्षरांचा, क्रम वाचणे) बाहेरगावच्या एका खासगी कंपनीकडून करून घेतले.

डेटाबद्दल तक्रारीला जागा नाही. डीएनएचे प्रमाण प्रकाशशोषणावरून मोजणाऱ्या नॅनोड्रॉपवरचा आकडा आरएनएमुळे फुगलेला असू शकतो, त्यामुळे डीएनए पोहोचताच फक्त डीएनएला चिकटणारा चमकता रंग वापरून क्युबिटवर पुन्हा मोजणी करण्याची त्यांची पद्धत योग्यच आहे. जीनोमचा आकारही पटण्यासारखा आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला स्युडोमोनास पुटिडा केटी२४४० या नात्यातील जिवाणूचा जीनोम सुमारे ६१.८ लाख बेसचा आहे आणि आमचा त्याच्या आसपासच भरला.

अडचण अहवालात आहे. कॅटेकॉल (नॅफ्थलीनच्या विघटनात तयार होणारा पदार्थ) फवारले की आमच्या प्लेटवरील वसाहती बघता बघता पिवळ्या पडतात, म्हणजे कॅटेकॉलचे वलय फोडणारे २,३-डायऑक्सिजनेज हे विकर तिथे नक्कीच काम करते. अहवालात मात्र नॅफ्थलीन-विघटनाची जनुके वेगवेगळ्या काँटिगवर (जुळणीतून मिळालेल्या सलग तुकड्यांवर) विखुरलेली दिसली आणि ती गुणसूत्रावर आहेत की प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या स्वतंत्र डीएनएवर), याचा उल्लेखही नव्हता. या जनुकांच्या आजूबाजूला हजार-दीड हजार बेसचे, ठिकठिकाणी पुनरावृत्त होणारे इन्सर्शन सीक्वेन्स (जागा बदलणारे डीएनएचे तुकडे) असतात आणि १५० बेसचे रीड (यंत्राने एका वेळी वाचलेले तुकडे) त्यांना ओलांडू शकत नाहीत, म्हणून जुळणी नेमकी तिथेच तुटते. हे ग्राहकाला आधीच सांगायला हवे होते. जनुके प्लाझ्मिडवर असतील तर ती शेजारच्या जिवाणूंकडे जाऊ शकतात, किंवा नॅफ्थलीन नसताना गळूनही पडू शकतात. हा जिवाणू प्रदूषित मातीत सोडायचा की नाही, याचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

प्रजातीही केवळ १६एस या, जिवाणूंच्या ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या एकाच जनुकावरून ठरवली होती. अख्खा जीनोम हाताशी असताना ज्ञात प्रजातीच्या जीनोमशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य काढून, एकाच प्रजातीसाठी मानली जाणारी ९५ टक्क्यांची मर्यादा तपासणे काही अवघड नव्हते. (अहवालातील रंगीत वर्तुळाकार नकाशा मात्र देखणा होता.)

पाठपुरावा केल्यावर त्यांनी वेगळे शुल्क आकारून नॅनोपोर या दुसऱ्या सीक्वेन्सिंग तंत्राचे लांब रीड दिले. दोन्ही डेटा एकत्र जुळवल्यावर गुणसूत्र आणि एक वर्तुळाकार प्लाझ्मिड स्वतंत्र झाले, आणि विघटनाची जनुके त्या प्लाझ्मिडवर सलग सापडली.

निव्वळ प्रजातीची ओळख हवी असेल, तर या सेवेचा डेटा पुरेसा आहे. प्रदूषक-विघटनाचा अभ्यास असेल, तर ऑर्डर देतानाच आखूड आणि लांब अशा दोन्ही प्रकारच्या रीडची मागणी लेखी नोंदवावी आणि कच्च्या रीडच्या मूळ फास्टक्यू फाइल ताब्यात आल्याशिवाय अखेरचे बिल चुकते करू नये.