परसबागेतल्या ब्रोकोलीसाठी ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे: घ्यावा का?

प्रो-ट्रे म्हणजे रोपे वाढवायचा छोट्या कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे. तो घ्यावा. फक्त रोपे त्यात ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत, ही अट पाळता येत असेल तरच.

या ट्रेचा खरा फायदा उगवणीत नाही, मुळांत आहे. आपल्या काळ्या भारी मातीच्या वाफ्यातून रोप उपटले की तंतुमुळे मातीतच तुटून राहतात. ब्रोकोली त्या धक्क्याने मरत नाही, पण वाढ थांबते आणि पुरती पाने येण्याआधीच बटणाएवढा गड्डा धरते. पुढे कितीही खत घाला, तो मोठा होत नाही. ट्रेमधले रोप कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गोळ्यासकट निघते, म्हणून हे टळते. मात्र ३५-४० दिवसांचे रोप लावले तर मुळे कप्प्यात गुंडाळलेली असतात आणि पुन्हा तेच बटण हाती येते.

विदर्भात बी टाकायला ऑक्टोबर उत्तम. एका कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकावेत आणि तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून पाहावेत. कोंब दिसल्यावर ट्रे उजेडात मांडायला एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपे लांबट, लुळी होतात.

ट्रेचा मोठा दोष इथेच जाणवतो. कप्पे लहान, प्लास्टिक काळे आणि ऑक्टोबरचे ऊन कडक. दुपारपर्यंत कोकोपीट कोरडे पडते. तुराट्यांच्या मांडवाखाली विटांवर ट्रे ठेवून सकाळ-दुपार झारीने पाणी द्यावे लागते. संध्याकाळी उशिरा पाणी दिले तर रात्रभर ओल राहून रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी ट्रेला वापरूच नये. कोकोपीटमध्ये क्षार साचून पानांच्या कडा करपतात. कोकोपीटही भिजवल्यावर दोनदा गोड्या पाण्याने धुऊन, पिळून घ्यावे. त्यात अन्न नसते, म्हणून बाराव्या आणि विसाव्या दिवशी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम द्यावे.

सांदवाडीसाठी, म्हणजे परसबागेसाठी, ९८ रोपे फार होतात. ४५ × ४५ सेंटिमीटरवर लावली तर सुमारे २० चौरस मीटर जागा खातात. ट्रे मधोमध कापून ४९-४९ चे दोन तुकडे करावेत आणि दुसरा तुकडा १५ दिवसांनी पेरावा, म्हणजे सगळे गड्डे एकदम तयार होत नाहीत. नोव्हेंबरअखेरनंतर मात्र पेरू नये. फेब्रुवारीच्या उन्हात गड्डा सैल पडून फुलावर येतो.

लावताना एक चूक फार होते: कोकोपीटचा गोळा मातीच्या वर उघडा राहतो. तो वातीसारखा ओल वर ओढून वाळतो आणि भोवतीची माती ओली असूनही रोप सुकते. १५ सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर, उन्हे उतरल्यावर लावून गोळ्यावर बोटभर माती ओढावी. चौरस मीटरला १ ग्रॅम बोरॅक्स (बोरॉन देणारे खत) शेणखतात मिसळून द्यावे, नाहीतर दांडा आतून पोकळ निघतो.

घेताना ट्रे एका कोपऱ्याला धरून उचलून वाकतो का ते पाहावे. भरलेला ट्रे असा उचलताच पातळ प्लास्टिक वाकते आणि कप्पे चिरतात. जाड ट्रे धुऊन सावलीत ठेवला तर पुढच्या हंगामात टोमॅटो-मिरचीच्या रोपांनाही चालतो.