रिक्षाचा कंट्रोलर होडीवर: चार महिन्यांचा अनुभव

माझं पैठणला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दाजींच्या डोक्यात नाथसागरातली होडी बॅटरीवर चालवायचं आलं, तेव्हा काम माझ्याच गळ्यात पडलं. ४८ व्होल्ट, १५०० वॉटचा ई-रिक्षाचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि मोटार यांच्यामधला ताकद सोडणारा डबा, संभाजीनगरातून ७,२०० रुपयांना आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी दाजी पाण्यात पडता पडता वाचले. लिव्हर बोटभर सरकवला, काहीच नाही. अजून जरा सरकवला तर होडीनं असा हिसका दिला की जाळ्याची पाटीच उलटली. "कामून असं करतंय हे?"

थ्रॉटलमधला, म्हणजे वेगाच्या लिव्हरमधला, हॉल सेन्सर (चुंबकावरून जागा ओळखणारा) लिव्हरच्या जागेप्रमाणं साधारण ०.८ ते ४.२ व्होल्ट देतो. तो आकडा वाचून कंट्रोलर मोटारीला किती ताकद सोडायची ते ठरवतो. ह्यात सुरुवात १.४ व्होल्टला धरलेली, म्हणून लिव्हरचा पहिला पट्टा मेलेला. वरून पिकअप रिक्षाचा. रिक्षात प्रवाशांचं वजन चाकाला धरून ठेवतं. पाण्यात पंखा कमी फेऱ्यांवर जवळजवळ मोकळाच असतो, क्षणात पळतो. कंट्रोलरला सेटिंग बदलायची केबल लावून सुरुवात १ व्होल्टवर आणली आणि वेग चढायचा वेळ २ सेकंद केला. लिव्हर सोडल्यावर लगेच बंद होणं मात्र तसंच ठेवलं, तिथं उशीर नको. आता जाळं सोडताना होडी चालत्या माणसाच्या वेगानं जाते.

ही सेटिंग बदलता येते, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकातही नाही.

डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजतो तो) लावून बघितलं. पूर्ण लिव्हरला ३१ अँपिअर, पाऊण लिव्हरला १३, अर्ध्याला जेमतेम ४. पाण्यात फेऱ्या दुप्पट केल्या की ताकद आठपट लागते, त्याचा हा हिशोब. दाजींना एवढंच सांगितलंय, घाई केली तर बॅटरी लवकर संपणार, मग वल्हं मारत यायचं.

पंख्यात पाणगवत अडकलं तेव्हा कंट्रोलरनं करंट मर्यादेत धरला, मोटार जळाली नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं वाईटच म्हणायचं! लिव्हर पुढं असताना चावी फिरवली तर सुरूच होत नाही, ह्याला दाजी बिघाड समजले होते. ती सोय आहे, आणि चांगली आहे.

खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय. डबा असेल, पण कनेक्टर नाही. तिसऱ्या महिन्यात थ्रॉटलच्या प्लगात ओल गेली आणि होडी धरणाच्या मध्यावर बंद. ग्रीस भरून रबरी नळी चढवली, तेव्हापासून ठीक. उन्हाळ्यात कंट्रोलर फळीखाली कोंडून ठेवला तर तापून ताकद कमी करतो, वारा लागेल असा बसवा.

नुसता कनेक्टर मागायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "तो सुट्टा येत नाही. नवीन कंट्रोलर घ्या."