जॉन कंपनी, दुसरी आवृत्ती : कंपनी सरकारचा कारभार पटावर

बोर्ड गेमच्या शौकीनांच्या ‘कधीतरी खेळायचेच’ अशा यादीत कोल वेर्ली यांचा ईस्ट इंडिया कंपनीवरचा ‘जॉन कंपनी’ हा खेळ वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि त्याची कारणे उघड आहेत. खेळ महाग आहे, नियम भरपूर आहेत, एक डाव अख्खी दुपार घेतो आणि घासाघीस करायला तयार असलेली चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसल्याखेरीज त्याला रंग चढत नाही. पहिली आवृत्ती २०१७ साली निघाली. वेर्लीगिग गेम्सने २०२२ मध्ये काढलेली दुसरी आवृत्ती नियम व मांडणी या दोन्ही बाबतींत जवळजवळ नव्याने घडवलेली आहे. मित्रमंडळींबरोबर तिचे छोटे डाव खेळल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. १७१० पासून सुरू होणारा पूर्ण लांबीचा डाव खेळण्याची इच्छा मात्र अजून शिल्लक आहे.

या खेळात कोणीही इंग्लंड नसतो आणि कोणीही हिंदुस्थान नसतो. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक इंग्रज घराणे असते, आणि ईस्ट इंडिया कंपनी हे त्या सर्वांनी मिळून चालवायचे व सर्वांनी मिळून लुटायचे साधन असते. घरातल्या मुलांना कंपनीत रायटर म्हणजे कारकून म्हणून चिकटवायचे, कोणाला फौजेत पाठवायचे, कोणासाठी समभाग घ्यायचे, आणि मग भागधारकांच्या मतांवर अध्यक्ष निवडून आणायचा. कंपनीच्या तिजोरीतला पैसा कोणत्या खात्याला किती द्यायचा, हे तो अध्यक्ष ठरवतो. त्यामुळे मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांचे प्रमुख त्याच्या दाराशी ताटकळत उभे असतात. शेवटी जिंकतो तो कंपनी मोठी करणारा नव्हे, तर तिच्या जिवावर कमावलेला पैसा वेळेवर इंग्लंडात नेऊन आपल्या निवृत्त माणसांसाठी प्रतिष्ठा विकत घेणारा. कंपनीची पत पार ढासळली तर डाव तिथेच आटोपतो, म्हणून तिला जगवणेही सगळ्यांना भाग असते. या ओढाताणीतच खेळाचा सारा जीव आहे.

फाशांची पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. व्यापार असो की स्वारी, जितकी ताकद लावाल तितके फासे हातात येतात आणि त्यांपैकी सर्वांत लहान आकडा धरला जातो. एक किंवा दोन आले तर यश, तीन किंवा चार आले तर अपयश, आणि सगळेच फासे पाच-सहावर थांबले तर अनर्थ. एका फाशावर यशाची शक्यता जेमतेम ३३ टक्के असते, तीन फाशांवर ती सुमारे ७० टक्क्यांवर जाते. हे गणित मनात आले की टेबलावरचे सगळे बोलणे बदलते. मुंबईचा प्रमुख तिसऱ्या फाशाचे पैसे अध्यक्षाकडे मागतो, अध्यक्ष त्याबदल्यात पुढच्या नेमणुकीत आपल्या पुतण्याचे नाव पुढे करतो, आणि शेजारी बसलेला जहाजांचा मालक दोघांनाही आपले दर ऐकवतो. घराणेशाहीलाही नियमात जागा आहे : इतरांची लायक माणसे डावलून आपल्याच घरातला माणूस नेमला, तर डावललेल्यांना वचन देऊन भरपाई करावी लागते.

मराठी खेळाडूला हा खेळ वेगळ्या ठिकाणी भिडतो. नकाशावर मुंबईला लागून मराठा मुलूख आहे, आणि मुंबईच्या प्रमुखाचा हात फौजेच्या सोंगट्यांकडे वळला की आपण नेमके काय करत आहोत, याची जाणीव टाळता येत नाही. मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी घाटावर फौज चढवली, १७७९ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी ती वडगावापाशी कोंडली, इंग्रजांना तह लिहून द्यावा लागला आणि कलकत्त्याच्या वरिष्ठ कंपनी सरकारने तो पुढे नाकारला, हे आपण शाळेत शिकलो. मुंबईला एवढी घाई का होती आणि कलकत्त्याला तिचा राग का आला, हे मला या पटावर जितके स्पष्ट दिसले तितके पाठ्यपुस्तकात कधी दिसले नव्हते. इलाख्यांची आपापसातली स्पर्धा, अपुरी शिबंदी आणि लंडनमध्ये कोणाला तरी उत्तर देण्याची निकड, या सगळ्यांतून असा आततायीपणा कसा जन्माला येतो, हे खेळाडूला स्वतःच्या निर्णयांतून कळत जाते.

खेळाची मोठी उणीवही इथेच आहे. मराठे, म्हैसूर, हैदराबाद, पंजाब ही राज्ये पटावर मनोऱ्यांच्या रूपाने उभी असतात. ती वाढतात, एकमेकांवर चालून जातात, जिंकलेल्या मुलखात उठाव होतात, आणि पुढचे संकट कोठे येणार हे एक हत्ती दाखवत फिरतो. पण या घडामोडी पत्ते आणि फासे ठरवतात. नाना फडणविसांसारखा पल्ल्याची चाल खेळणारा मुत्सद्दी समोर बसलेला नसतो, आणि ज्यांच्याकडून महसूल वसूल होतो त्या रयतेचा तर मागमूसही नाही. विषय ब्रिटिश साम्राज्यवादाच्या क्रूर बाजूचा आहे, हे नियमपुस्तिका सुरुवातीलाच स्पष्ट करते, आणि ज्यांनी लुटले त्यांच्याच नजरेतून लूट दाखवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. तो मला पटतो. तरीही मराठा मुलखाचा मनोरा उतरवला जाताना टेबलावर टाळ्या पडल्या, तेव्हा मला अस्वस्थ वाटले, आणि ही अस्वस्थता नव्या खेळाडूंना डाव मांडण्यापूर्वीच सांगून ठेवावी असे माझे मत आहे.

निर्मितीबद्दल तक्रारीला जागा नाही. पट सुरेख आहे, पदांची मांडणी वाचायला सोपी आहे आणि पत्त्यांवरची चित्रे काळाला साजेशी आहेत. एकट्यानेही खेळता येते, पण सौदेबाजीवाचून या खेळात फारसे काही उरत नाही. माझ्या मते चार किंवा पाच खेळाडू उत्तम. परदेशातून मागवायचा झाल्यास वाहतूक आणि सीमाशुल्क धरून खर्च बराच वाढतो, म्हणून चार जणांनी मिळून एकच संच घेणे शहाणपणाचे ठरेल.

पूर्ण लांबीच्या डावात कंपनीची मक्तेदारी मोडण्याची वेळ येऊ शकते. प्रत्यक्षात हिंदुस्थानच्या व्यापारावरची मक्तेदारी १८१३ च्या सनदी कायद्याने संपली. पटावर तसे झाले की घराणी स्वतःच्या पेढ्या काढून कंपनीशीच स्पर्धा करू शकतात. ज्या संस्थेला इतका वेळ सर्वांनी मिळून जगवले, तिच्यावर तेच लोक कसे उलटतात, हे मला पाहायचे आहे. त्यासाठी एक मोकळा रविवार आणि नियम आधी वाचून येणारी पाच माणसे हवीत. छोटा डाव खेळलेल्यांपैकी तिघे तयार आहेत.