चतुचक की ऑ तॉ कॉ? बँकॉकमध्ये अस्सल थाई जेवायचं तर

बँकॉकला निघालेली ओळखीची माणसं हल्ली मला हमखास विचारतात, खरं थाई जेवायचं तर चतुचकला जावं की समोरच्या ऑ तॉ कॉ मंडईत? दोन्ही एकाच मेट्रो स्थानकावर आहेत, काम्फेंग फेतला. मध्ये फक्त एक रस्ता. मी दोन्हीकडे तीन-चारदा जेवलोय, तेवढ्या अनुभवावरून सांगतो.

चतुचक शनिवार-रविवारचा बाजार. गर्दी, उकाडा, बसायला प्लास्टिकचं स्टूल, हे तुम्ही धरूनच चालला असाल. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे कढई तुमच्यासमोर चढते. तुळस घालून परतलेला खिमा, फात कफ्राव, मी तिथे खाल्लाय आणि तो उत्तमच होता. ही तुळस म्हणजे आपल्या अंगणातल्या वृंदावनातलीच. तापल्या तेलात लसूण-मिरचीवर मूठभर पानं पडली की घसा खवखवेल असा वास सुटतो. थंड झाल्यावर त्यातलं निम्मं जातं.

माझं बिनसलं ते सोम तामवर. कच्च्या पपईची ही कोशिंबीर मातीच्या खलात लाकडी दांड्याने कुटतात, ऑर्डरप्रमाणे, एकेक ताट. मी ‘फेत’ म्हणालो, म्हणजे तिखट. बाई हसल्या, मान डोलावली आणि खलात एक मिरची टाकली. त्यावर ताडगुळाचा भरगच्च चमचा. माझ्यामागे एक थाई मुलगी उभी होती. तिच्यासाठी त्याच खलात सात मिरच्या पडल्या, मी मोजल्या. गूळ नखाएवढा, आणि वरून पला रा, म्हणजे आंबवलेल्या माशाचं गडद पाणी, जे हवं का असं मला कुणी विचारलंही नव्हतं.

बाईंना दोष देत नाही. दिवसभर परदेशी गिऱ्हाईक, कुणीतरी तिखट लागलं म्हणून ताट तसंच टाकून जात असणार. पण मी कोल्हापूरचा. एवढ्या लांब जाऊन माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवलेली चव खायची, हे मला फार लागलं. पुढच्या खेपेला दुसऱ्या टपरीवर ‘फेत माक माक’, म्हणजे खूप खूप तिखट, असं म्हणून पाहिलं. दोन मिरच्या मिळाल्या.

ऑ तॉ कॉ ही शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पणन संस्थेची मंडई, रोज उघडी. फळं बघूनच कळतं की माल निवडक आहे. भाव चढे, स्वतः थाई लोकही तिला महाग मंडई म्हणतात. मला तरी एका जेवणाला चतुचकच्या दीडपट पडले. खाण्याच्या बाजूला कालवणांची पातेली आणि पराती ओळीने मांडलेल्या असतात. भातावर दोन प्रकार बोटाने दाखवायचे, बस. सकाळी शिजलेल्या पातेल्यात कुणाचा चेहरा बघून साखर घालता येत नाही. शेजारच्या बाई तेच कालवण पिशवीत भरून, रबर लावून घरच्या जेवणाला नेत असतात, आणि तुमच्या ताटात त्याच डावातलं पडतं.

फरक हिरव्या कालवणात, म्हणजे ग्रीन करीत, चटकन कळला. वर हिरवट तेलाचा तवंग होता, म्हणजे वाटण नारळाच्या घट्ट दुधात तेल सुटेपर्यंत परतलेलं. आत वाटाण्याएवढी वांगी. दाताखाली फुटली की कडू, आणि तो कडवटपणाच नारळाचा गोडवा आवरतो. चतुचकला मला मिळालेलं कालवण पांढरट, पातळ होतं आणि ही वांगी त्यात नव्हतीच. सगळीकडे तसं असेल असं नाही म्हणत.

ऑ तॉ कॉत खटकणारं म्हणजे जेवण कोमट मिळतं. वाफाळतं लागणाऱ्यांनी हे मनाशी धरून जावं. घरात कुणी शाकाहारी असेल तर विचार आणखी बदलतो. माझी वहिनी बरोबर होती तेव्हा पंचाईत झाली, कारण तिथल्या वाटणातच कापी, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, कुटलेला असतो. तो बाजूला काढणार कसा? चतुचकला निदान कढईवाल्याला फिश सॉस नको म्हणता येतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली टपरी दिसली तर निर्धास्त बसा. त्या जेवणात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो.

बाकीच्यांनी माझं ऐकायचं तर अकराच्या आत ऑ तॉ कॉत जेवून घ्या आणि मग रस्ता ओलांडून चतुचकला खरेदीला जा. दक्षिणेकडचं ख्वा क्लिंग दिसलं तर सोडू नका. ओल्या हळदीने पिवळाधमक झालेला कोरडा खिमा, वर केसासारखी बारीक चिरलेली मक्रूत या थाई लिंबाची पानं. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी न मागता काकडीच्या फोडी आणि आणखी एक डाव भात वाढला.